मयताचे कागद कोठे असतात?



वर्धापनदिनी मृत्युपत्रावर बोलणे कोणाला अमंगळ वाटेल, म्हणून कार्यकारिणीने माझे भाषण हळदीकुंकू व फराळ आटोपल्यावर ठेवले. हे बरेच झाले. पोट भरले असले म्हणजे माणूस वाटणीच्या गोष्टी शांतपणे ऐकतो.

मी वकील नव्हे, हे आधीच सांगते. माझी अठ्ठावीस वर्षांची नोकरी दिवाणी न्यायालयाच्या नक्कल विभागात गेली. लोक अर्ज आणीत, आम्ही जुन्या मिसली मागवून नकला तयार करीत असू. या नोकरीत एक गोष्ट मनात रुतून बसली. मयताच्या कागदाची नक्कल मागावयास बाई स्वतः क्वचितच येई. ती दिराला पाठवी, भावाला पाठवी, जावयाला पाठवी. म्हणजे ज्याच्याकडून आपला वाटा मागायचा, त्याच्याच हाती अर्ज! तो नक्कल घेऊन जाई आणि घरी जाऊन सांगे, “त्यात तुझे काही नाही.” ती विश्वास ठेवी. कधी ते खरेही असे. पण पुष्कळदा नसे, आणि काउंटरच्या अलीकडे बसलेल्या मला ते दिसत असे. बोलण्याचा अधिकार मात्र नव्हता. आता निवृत्त झाले आहे, तेव्हा बोलते.

घरात कोणी वारले की त्याचे सर्व कागद एकाच ठिकाणी असतात असा आपला समज असतो. वाड्यातल्या लोखंडी पेटीत जे सापडले तेवढेच कागद, बाकी काही नाही! वस्तुतः मयताचा माग चार ठिकाणी लागतो: मृत्यूच्या नोंदीत, पटवाऱ्याच्या दप्तरात, रजिस्ट्री कचेरीत आणि न्यायालयात. चारही दारे स्त्रीला उघडी आहेत. फक्त कोणत्या दाराशी काय मागायचे हे ठाऊक पाहिजे.

पहिली गरज मृत्यूच्या तारखेची. “संक्रांतीच्या आधी गेले, ज्या वर्षी विहीर खणली त्या वर्षी,” एवढ्याने कचेरीत भागत नाही. अलीकडचा मृत्यू असेल तर ग्रामपंचायतीचा किंवा महानगरपालिकेचा दाखला मिळतो. आपल्या विदर्भातील जुन्या मृत्यूंसाठी कोतवाल पंजी नावाची नोंदवही आहे. गावच्या कोतवालाने दिलेल्या जन्ममृत्यूच्या वर्दीवरून ती लिहिली जाई, आणि तिच्या नकला तहसील कचेरीतून मिळतात. ही तारीख केवळ शोधासाठी लागते असे नाही, तर तिच्यावर हक्क ठरतो. १७ जून १९५६ रोजी हिंदू उत्तराधिकार कायदा आला. त्यापूर्वी वडील वारले आणि मागे मुलगे असले, तर मुलीला बहुधा वाटा नसे. विधवेला १९३७ च्या कायद्याने मुलाइतका वाटा मिळाला होता, पण तो तिच्या हयातीपुरता. १९५६ नंतर वारलेल्या पित्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत, मृत्युपत्र नसेल तर, मुलगा, मुलगी, विधवा आणि मयताची आई हे सारखे वाटेकरी झाले. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतही मुलगी जन्माने हिस्सेदार ठरली, आणि त्यासाठी त्या दिवशी वडील हयात असण्याची जरूर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर नोंदलेली वाटणी झाली असेल, तर ती मोडता येत नाही. म्हणून म्हणते, तारीख आधी काढा; भांडण मागाहून.

दुसरे दार पटवाऱ्याचे. सरकारने २०२४ साली तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी असे नाव दिले; आपल्या तोंडी पटवारीच आहे, असो. शेतीचा मालक वारला की वारसांची नोंद होते आणि तिचा फेरफार लिहिला जातो. सातबाऱ्यावर नावाशेजारी जो लहानसा आकडा असतो, तो फेरफाराचा नंबर. बायका सातबारा पाहतात आणि हा आकडा सोडून देतात. सारी गोष्ट त्या आकड्यात आहे! तो नंबर सांगून फेरफाराची नक्कल मागा. वारस कोण कोण सांगितले, अर्ज कोणी दिला, मुलींची नावे आली की गळली, हे त्यात लिहिलेले असते. जुने काही फेरफार व सातबारे आता स्कॅन होऊन संगणकावरही दिसतात. नात असेल तर तिला बसवा. शहरातील घर असेल तर सातबाऱ्याऐवजी सिटी सर्व्हेची आखीव पत्रिका पाहावी, आणि जागा नझूलची असेल तर तेथील नोंदही.

येथे जुन्या शब्दांनी अडखळायला होते. आपल्याकडील कागदांत भोसल्यांच्या काळापासूनचे फारसी शब्द राहिले आहेत. ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘जौजे’ म्हणजे अमक्याची पत्नी, ‘बेवा’ म्हणजे विधवा. एका भगिनीने आपल्या आजेसासूचे नाव ‘बेवाबाई’ समजून वंशावळीत लिहिले होते! ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता; मुले लहान असताना आईचे नाव या अक्षरांसह लागते. पण सर्वांत महत्त्वाची अक्षरे ‘ए. कु. क.’ किंवा ‘ए. कु. मॅ.’ ही. एकत्र कुटुंब कर्ता, एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाच्या नावापुढे ती असली तर तो सर्वांच्या वतीने उभा आहे, एकटा मालक म्हणून नव्हे. पुढे एखाद्या फेरफारात ही अक्षरे गुपचूप गळून पडतात आणि थोरला भाऊ एकटाच उरतो. ती केव्हा गळली ते शोधा. आणि एक लक्षात ठेवा की फेरफाराची नोंद ही सारा कोणाकडून घ्यायचा यासाठी असते. त्या नोंदीने कोणी मालक होत नाही आणि तिच्यात नाव नाही म्हणून कोणाची मालकी जातही नाही.

तिसरे दार रजिस्ट्री कचेरीचे, आणि हेच सर्वांत कमी ठोठावले जाते. मृत्युपत्र नोंदलेच पाहिजे असे नाही. दोन साक्षीदारांसमक्ष केलेला साधा कागदही चालतो. पण पुष्कळजण नोंदवतात. खरेदीखते, गहाणखते वगैरे एक नंबरच्या पुस्तकात जातात. ते कोणीही फी भरून पाहू शकतो. मृत्युपत्रे व दत्तक घेण्याची अधिकारपत्रे तीन नंबरच्या पुस्तकात जातात. मृत्युपत्र करणारा जिवंत आहे तोवर त्याची नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. तो वारला की मात्र १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या ५७ व्या कलमाप्रमाणे अर्ज करणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला ती मिळाली पाहिजे. कोणत्याही व्यक्तीला! तुम्ही मुलगी आहात की सून, तुमचा संबंध काय, हे सिद्ध करण्याची गरज नाही. मृत्यूचा दाखला जोडा, मयताचे नाव व अंदाजे वर्षे लिहा आणि फी भरा. पुस्तक तुमच्या हाती देणार नाहीत, शोध अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. म्हणून नाव नीट लिहावे. ‘बापूजी’ या घरगुती नावाने सूचीत काही सापडत नाही. खरेदीखतांचा शोध हल्ली घरबसल्या संगणकावर घेता येतो, पण तेथे मृत्युपत्र दिसले नाही म्हणून ते नाहीच असे समजू नका. त्यासाठी कचेरीतच अर्ज द्यावा लागतो.

आणखी एक खुबी सांगते. शेत काटोलला म्हणून मृत्युपत्र काटोललाच नोंदलेले असेल असे नाही. मृत्युपत्र कोणत्याही निबंधकापुढे ठेवता येते. म्हातारपणी आजोबा अमरावतीला मुलाकडे राहत असतील तर तेथे शोधा. शिवाय जिल्हा निबंधकाकडे पाच नंबरचे पुस्तक असते. मोहोरबंद पाकिटात घालून ठेव म्हणून दिलेल्या मृत्युपत्रांची नोंद त्यात होते. ठेवणारा वारला आणि कोणी अर्ज केला, म्हणजे मृत्यूची खात्री पटवून निबंधक ते पाकीट अर्जदारासमक्ष उघडतो आणि आतला मजकूर तीन नंबरच्या पुस्तकात उतरवून घेतो. मनात येते, कोणी अर्जच केला नाही तर? माणसाने विचार करून शेवटची इच्छा लिहिली, लाखेची मोहोर लावली, आणि घरच्यांना पत्ताच नाही.

चौथे दार न्यायालयाचे. येथे तीन प्रकारचे कागद निरनिराळे ओळखावे लागतात. मृत्युपत्रात एक्झिक्यूटर नेमलेला असेल आणि त्याने अर्ज केला, तर न्यायालय मृत्युपत्राची खातरजमा करून मोहोर लावते. त्याला प्रोबेट म्हणतात. एक्झिक्यूटर नेमला नसेल, किंवा मृत्युपत्रच नसेल, तर लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे व्यवस्थापनाचा अधिकार, देतात. आणि बँकेतील ठेवी, शेअर, येणे कर्ज यांच्यासाठी जे मिळते ते उत्तराधिकार प्रमाणपत्र, ज्याला आपण नुसते ‘सक्सेशन’ म्हणतो. या सक्सेशनवर घर किंवा शेत कोणाचे होत नाही. तसेच प्रोबेटने मृत्युपत्र खरे ठरते, पण मयताची त्या घरावर मालकी होती की नाही हे ठरत नाही. “आमच्याकडे प्रोबेट आहे,” असे कोणी दरडावून म्हणाले तर घाबरू नका.

मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांत हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेट घेणे वर्षानुवर्षे सक्तीचे होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलमच काढून टाकले. नागपुरास ती सक्ती कधीच नव्हती. त्यामुळे आपल्याकडे प्रोबेटच्या मिसली कमी. न्यायालयात काही सापडले नाही म्हणजे मृत्युपत्र नव्हते, असा निष्कर्ष नागपूरकरांनी काढू नये.

पण मिसल सापडली, तर ती सोन्याची खाण समजा. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे सक्सेशनच्या अर्जात मयताची मृत्युतारीख, राहण्याचे ठिकाण आणि कुटुंबीयांची व जवळच्या नातलगांची नावे पत्त्यांसह द्यावी लागतात. लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशनच्या अर्जातही तसेच. ते पान आधी उघडा आणि आपले नाव त्यात आहे का पाहा. नाव वगळून, तुम्हाला नोटीस न देता हुकूम मिळविला असेल, तर तो रद्द करून घेण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. प्रोबेट दिलेले अस्सल मृत्युपत्र न्यायालयाच्या दप्तरात जतन करावे असेही कायदा सांगतो. आणि एक्झिक्यूटरने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी व वर्षाच्या आत हिशेब सादर करावयाचा असतो. अशा याद्या मी पुष्कळ उतरविल्या. पितळी घंगाळी, पाटल्यांचा जोड, बैलजोडी, एका लाकडी पलंगाचे तीन पाय! चौथा कोठे गेला हे मला शेवटपर्यंत कळले नाही. पण आईच्या ज्या पाटल्या “कधी नव्हत्याच” असे सांगितले जाते, त्या अशा यादीत वजनासह लिहिलेल्या असू शकतात.

मिसल शोधावी कशी? मयत कोठे राहत होता किंवा त्याची मालमत्ता कोठे होती, त्यावरून न्यायालय ठरते. प्रोबेटचा अधिकार जिल्हा न्यायाधीशाचा. आपल्या जिल्ह्यात सिव्हिल लाईन्समधील न्यायमंदिरात चौकशी करावी. सक्सेशनचे अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयातही चालतात. अलीकडची प्रकरणे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने सापडतात. जुन्यांसाठी त्या त्या वर्षाचे रजिस्टर पाहून नंबर काढावा लागतो. कोणी हरकत घेतली असेल तर तोच अर्ज पुढे दाव्यासारखा चालतो, तेव्हा दाव्यांचेही रजिस्टर पाहावे. जिल्ह्यांच्या सीमा बदलल्या आहेत हेही ध्यानात ठेवा. गोंदिया १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होते, गडचिरोली १९८२ पर्यंत चंद्रपुरात. सौंसर-पांढुर्ण्याकडचे माहेर असेल तर कागद मध्य प्रदेशात शोधावे लागतील. १९५६ पर्यंत आपण एकाच प्रांतात होतो. अपील झाले असेल तर १९३६ ते १९५६ या काळात ते नागपूरच्या उच्च न्यायालयात, त्याआधी ज्युडिशियल कमिशनरच्या न्यायालयात आणि नंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात.

आता कागद हाती आला असे समजू. वाचताना घाई करू नका. माझ्या ओळखीच्या एका बाईंची गोष्ट सांगते. नावगाव सांगत नाही. माहेरी संत्र्याचा बगीचा. वडील गेल्यावर तीस वर्षे त्यांना सांगण्यात आले की बाबांनी सगळे मुलांना लिहून दिले. साठीच्या पुढे त्यांनी स्वतः अर्ज करून तीन नंबरच्या पुस्तकातून नक्कल काढली. बगीचा खरोखरच मुलांना दिला होता; त्यात खोटे नव्हते. पण खाली आणखी चार ओळी होत्या. गावातल्या घराच्या पूर्वेकडील दोन खोल्या मुलीला “मालकी हक्काने”, आणि विहिरीच्या पाण्यात तिचा हिस्सा. या चार ओळी तीस वर्षे कोणी वाचून दाखविल्या नव्हत्या. त्यांनी दावा केला नाही. दिवाळीला माहेरी जाऊन भावासमोर नक्कल मोठ्याने वाचली. भाऊ बराच वेळ गप्प होता. खोल्या आता त्यांच्या ताब्यात आहेत. विहिरीचे मात्र अजून चालू आहे. मला त्या म्हणाल्या, “खोल्यांचे काही नाही हो, पण बाबांनी मला विसरले नव्हते, हे मला इतक्या वर्षांनी कळले.”

त्या कागदातील ‘मालकी हक्काने’ हा शब्द महत्त्वाचा. याउलट विधवेविषयी पुष्कळ मृत्युपत्रांत ‘हयातीपर्यंत उपभोग घ्यावा’, ‘विकण्याचा अधिकार राहणार नाही’ असे लिहिलेले असते. १९५६ च्या कायद्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीच्या ताब्यातील मालमत्तेची ती पूर्ण मालक झाली. पण मृत्युपत्रानेच मर्यादित हक्क दिला असेल तर तो मर्यादितच राहतो, असे त्याच कलमाचा दुसरा भाग म्हणतो. मग १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पोटगीसारखा आधीपासूनचा हक्क मान्य करून मालमत्ता दिली असेल, तर कागदात मर्यादा लिहिली असली तरी ती पूर्ण मालक. यावर आजतागायत खटले चालू आहेत. म्हणून ‘हयातीपर्यंत’ हा शब्द दिसला की हताश होऊ नका आणि हुरळूनही जाऊ नका. येथे मात्र वकिलाकडे जा.

मृत्युपत्राने काय होऊ शकते ते आपल्या नागपुरात डोळ्यांसमोर आहे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० साली वारले. त्यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला तांत्रिक शिक्षणासाठी सुमारे पस्तीस लाख रुपयांची मालमत्ता दिली, आणि १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली.

आणि मृत्युपत्र नसले म्हणजे काय होते, तेही ऐका. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने एका बाईच्या वारसाचा निकाल दिला. लग्न १९५५ चे. तीन महिन्यांत पती गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. आईवडिलांनी शिकविले, तिने नोकरी केली, पैसा साठविला आणि १९९६ साली मृत्युपत्र न करता ती वारली. आईने सक्सेशनचा अर्ज केला. दिवंगत पतीच्या बहिणीच्या मुलांनीही केला. निपुत्रिक विधवेच्या स्वतःच्या कमाईवर, कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे, आधी पतीचे वारस, मग आईवडील. न्यायालयाला सहानुभूती होती, पण पैसा भाच्यांना गेला. ज्या घराने तिला एक दिवस सांभाळले नाही, त्या घरात! हे कलम अद्याप तसेच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अशी भांडणे टळावीत म्हणून, स्त्रियांनी आपापली मृत्युपत्रे करावीत असे आवाहन केले. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही. साधा कागद, दोन साक्षीदार आणि तुमची सही पुरे. साक्षीदार मात्र असा नसावा की ज्याला त्यात काही मिळायचे आहे. आणि झाल्यावर ते कोठे ठेवले हे एका तरी माणसाला सांगून ठेवा, नाहीतर माझ्यासारखी कोणी पन्नास वर्षांनी शोधत बसेल.

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी तीन ते पाच मी मंडळाच्या खोलीत बसेन. ज्यांना अर्ज लिहावयाचा असेल त्यांनी मयताचे कागदोपत्री पूर्ण नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, मृत्यूची तारीख, मौजा व तहसील, खसरा नंबर ठाऊक असल्यास तो, आणि हाती असतील त्या जुन्या कागदांच्या झेरॉक्स आणाव्यात. अस्सल कागद आणू नयेत. मोडीतला कागद असेल तर आधी सांगून ठेवावे. माझी मोडी आता जरा मंदावली आहे.